मुदतीची भाजी

वर्धा जिल्ह्याच्या समुद्रपूर तालुक्यातील गिरड या गावाची ख्याती तेथील टेकडीमुळे आहे, आणि त्या टेकडीची ख्याती तिच्यावरील ख्वाजा शेख फरीद यांच्या दर्ग्यामुळे. या दर्ग्याच्या खर्चवेचासाठी एके काळी पाच गावांचा वसूल लावून दिलेला होता, यावरून त्याच्या प्रतिष्ठेची कल्पना यावी. इंग्रजी अमदानीतील गॅझेटियरकार, जे सहसा कापूस, पर्जन्यमान आणि शेतसारा यांपलीकडे भावनाविवश होत नाहीत, त्यांनीही या टेकडीची एक कथा नोंदवून ठेवली आहे. तीस वर्षे फकिरी वेषात भ्रमण करून संत इ. स. १२४४ च्या सुमारास येथे स्थिर झाले. पुढे दोन फिरस्ते व्यापारी नारळ वगैरे माल घेऊन चालले असता त्यांनी संतांची थट्टा केली, आणि तत्क्षणी त्यांचा सारा माल दगड होऊन पडला. व्यापारी काकुळतीला आले, तेव्हा दयार्द्र होऊन संतांनी वाळलेल्या पाल्यापासून त्यांना नवा माल निर्माण करून दिला; हा प्रभाव पाहून ते दोघे कायमचे सेवेत राहिले, आणि टेकडीवरील दोन कबरी त्यांच्याच म्हणून दाखवल्या जातात. टेकडीवर विखुरलेल्या गोल गोट्यांना भूगर्भवेत्ते झिओलाइट म्हणतात, ज्वालामुखीच्या खडकातील पोकळ्यांत त्या तयार होतात असे सांगतात, आणि त्यांच्या शास्त्रापुरते तेही खरे असेल.

या कथेत लोकांना दगडांचे नवल वाटते. मला पाल्याचे वाटते. किराण्याचे दगड करणे ही विद्या पुढील काळात पुष्कळ वाण्यांनी, संतपदाला न पोहोचताही, तांदळात आणि तूरडाळीत यशस्वीपणे उतरवून दाखविली; पाल्यापासून किराणा निर्माण करण्याचा प्रयोग मात्र त्यांपैकी कोणी केलेला ऐकिवात नाही. असे असूनही दर्ग्याला येणारा यात्रेकरू एखादा गोटा खिशात घालून परततो, आणि तो गोटा शोधताना ज्या हिरव्या पाल्यावरून चालत जातो, त्याच्याकडे त्याचे लक्ष जात नाही. वस्तुतः पावसाळ्याच्या आरंभी त्या पायांखाली एका कुटुंबाच्या दोन वेळच्या कालवणाची सोय पसरलेली असते.

अलीकडे मात्र आमच्या भागातील सुशिक्षित वर्गाचे लक्ष या पाल्याकडे वळले आहे. आयुष्यभर पालकाच्या जुडीला 'किडकी दिसते' म्हणून नाक मुरडणारे सद्गृहस्थ सेवानिवृत्तीनंतर एकाएकी धुऱ्यावरच्या तणाकडे वात्सल्याने पाहू लागतात, आणि आषाढातल्या एखाद्या रविवारी कापडी पिशव्या, टोप्या व पाण्याच्या बाटल्या घेऊन रान ओळखायला निघतात. अशाच एका मंडळीत मीही असतो. माझी सारी नोकरी महसूल खात्याच्या दप्तरात गेली असल्यामुळे जमिनीशी माझा परिचय दांडगा आहे, पण तो सातबाऱ्यावरचा. जमिनीतून प्रत्यक्ष काही उगवते ही बाब आमच्याकडे 'पीक पाहणी' या रकान्यात बंदिस्त होती. मंडळीत वनस्पतिशास्त्राचे एक निवृत्त प्राध्यापक आहेत, जे प्रत्येक झुडपाला लॅटिन नावाने अभिवादन करतात आणि मग ते खातात की नाही याविषयी मौन पाळतात. एक डॉक्टर आहेत. आणि एक तरुण अभियंता आहे, ज्याच्या मोबाइलमध्ये पान दाखवले की झाड ओळखणारे एक यंत्रज्ञान आहे. या सर्वांना शिकवणाऱ्या मावशी मात्र गिरडच्याच. त्यांचे सारे आयुष्य दुसऱ्यांच्या कपाशी-सोयाबीनच्या वावरात निंदण करण्यात गेले. पदर खोचून त्या पुढे चालतात आणि मागे वळून न बघता कोणी कशाला हात लावला हे सांगतात.

पहिला धडा अर्थातच तरोट्याचा असतो. मृगाच्या पावसाबरोबर रस्त्याच्या कडेला, गायरानात, पडक्या भिंतींच्या पायथ्याशी जे दाट हिरवे पीक कोणीही न पेरता उगवते, ते तरोट्याचे. पानाला पर्णिकांच्या तीन जोड्या, टोकाकडची जोडी सर्वांत मोठी, आणि संध्याकाळ झाली की ही सारी पाने हात जोडल्यागत मिटतात. प्राध्यापकांनी त्या मिटण्याच्या क्रियेवर बोलायला आरंभ केला, तोवर मावशींनी ओटीभर शेंडे खुडले होते. खुडण्याची रीत अशी, की अंगठा व तर्जनी यांच्या चिमटीत शेंडा धरायचा आणि हलकेच वाकवायचा. पट्दिशी आवाज होऊन तुटला तर घ्यायचा, लोंबकळत राहिला तर सोडून द्यायचा. अभियंत्याने एक भरघोस, गुडघ्याएवढे झाड मुळासकट उपटून आणले तेव्हा मावशी म्हणाल्या, "हे नोका घेऊ भाऊ, हे जून झालं. आठ रोजाआंदी याले पाहाचं होतं. अन् मुयासकट कायले उपटता जी? मंग पुढच्या पायीले काय खासान?"

या 'आठ रोजाआंदी'मध्ये संपूर्ण विद्येचे मर्म आहे, असे माझे मत झाले आहे. रानभाज्यांची पुस्तके पान कसे ओळखावे ते सांगतात. मावशी पान केव्हा ओळखावे ते सांगतात. सरकारी कामात मुदत नावाची वस्तू मी चाळीस वर्षे जवळून पाहिली, आणि तिच्याइतकी सहनशील वस्तू पृथ्वीवर दुसरी नाही. मुदत संपली की मुदतवाढ मिळते, मुदतवाढ संपली की विलंब माफीचा अर्ज करता येतो, आणि तोही मुदतीत न आल्यास साहेबांच्या अधिकारात दाखल करून घेता येतो. तरोट्याच्या कचेरीत ही सोय नाही. आषाढात जो कोवळा असतो तो श्रावणात कडवट होतो, भाद्रपदात पिवळी फुले घेऊन मिरवतो, आणि त्यानंतर त्याच्या वाकड्या, लांब शेंगांतले बी भाजून कॉफीऐवजी प्यायचे ज्यांना धाडस असेल, त्यांच्यापुरताच तो शिल्लक उरतो.

बाकीच्यांचेही असेच. मोह चैत्रात गळतो, आणि गळतो तोही पहाटे. सूर्य वर आल्यावर टोपली घेऊन येणाऱ्याला गुरांनी आणि मधमाश्यांनी ठेवलेला हिस्सा मिळतो. वर्धा हा गांधीजींच्या पुण्याईने दारूबंदीचा जिल्हा असल्यामुळे येथे मोहाच्या झाडाखाली वाकलेल्या मनुष्याकडे कायदा कित्येक वर्षे संशयाने बघत आला. अलीकडे शासनाने निर्बंध सैल केले आहेत, पण मोहफूल नुसते वाळवून, भाजून खातात, हे पटवून देताना सांगणाऱ्याच्या चेहऱ्यावर अजूनही साक्षीदाराचे भाव येतात. वैशाखात टेंभरं आणि चार. चाराच्या बिया फोडून जी चारोळी निघते ती शहरात श्रीखंडावर चार-चार दाणे मोजून पेरतात, आणि रानातली पोरे वरचा आंबटगोड गर चोखून बी थुंकून देत असतात. श्रावणात काटवल, केना, कुंजरू, बांबूचे वास्ते. थंडीत येरोणी आणि बोरे. उन्हाळ्यात, इतर सर्व हिरवळ रजेवर गेली असता, चिवळ. हे वेळापत्रक कोठे टांगलेले नाही, आणि त्याची सुटी कोणालाही मंजूर नाही.

येथे माझ्या खात्याविषयी दोन शब्द सांगणे प्राप्त आहे. मध्य प्रांतात मालगुजारी होती, तेव्हा प्रत्येक गावाच्या वाजिब-उल-अर्जात रयतेच्या वहिवाटी लिहिलेल्या असत: गुरे कोठे चरतील, सरपण कोठून आणता येईल, कोणत्या झाडाचे फळ कोणाचे. १९५१ साली मालगुजारी गेली, मालगुजारांची जंगले सरकारजमा झाली, १९५६ साली वर्धा जिल्हा मध्य प्रदेशातून निघाला, आणि या सगळ्या स्थलांतरात त्या वहिवाटी 'निस्तारपत्रक' नावाच्या दप्तरात जाऊन बसल्या. लाकूड, गवत, मुरूम यांचा उल्लेख या कागदांत जागोजाग सापडेल. पुढे २००६ च्या वनहक्क कायद्यात बांबू, मध, तेंदूपाने, कंदमुळे यांचीही नामावळी आली. पण तरोटा, केना, घोळ यांच्यासाठी रकाना आखलेला मी कोणत्याच नमुन्यात पाहिला नाही. कारण उघड आहे. दप्तर तंट्यावर जगते. जी वस्तू घेताना कोणी कोणाला अडवीत नाही, तिची नोंद करण्याचे कष्ट कोणता पटवारी घेणार? तण उपटून नेणाऱ्या बाईला उलट वावराचा मालक दुवा देई. तिने भाजी नेली, त्याचे निंदण झाले, आणि दोघांपैकी कोणालाही आपण काही देवघेव केली असे वाटले नाही.

घोळीच्या धड्याला डॉक्टर विशेष खुलले. घोळ जमिनीसरपट पसरते, देठ तांबूस, पान जाड आणि रसाळ. तिच्याच शेजारी, तशाच तांबूस देठाची, तशीच जमिनीला चिकटलेली दुधी नावाची दुसरी वनस्पती आपली ओळख लपवून बसलेली असते. मावशींनी दोन्हींचे देठ मोडून पुढे धरले. एकाच्या तुटलेल्या टोकावर पाण्याचा स्वच्छ थेंब होता. दुसऱ्याच्या टोकावर पांढरे दूध डवरून आले. "याले दूध हाय ना जी, हे नाई खात," एवढ्यात निकाल लागला. प्राध्यापकांनी दोन्हींची कुळे सांगितली, ती एकमेकांपासून अत्यंत दूर आहेत असे निष्पन्न झाले, आणि ज्ञानाच्या या दोन शाखा तेथे काही काळ सौजन्याने शेजारी शेजारी उभ्या राहिल्या.

त्यानंतर तो प्रश्न आला, जो प्रत्येक झाडाशी येतो आणि जो विचारल्यावाचून मराठी मनुष्याला कोणताही पाला गिळता येत नाही: "ही कशावर चालते?" आपल्याकडे कोणत्याही भाजीला नुसती भाजी म्हणून जगण्याची मुभा नाही, तिने निदान मधुमेह, मूळव्याध आणि वात या त्रिदोषांपैकी एकाची तरी जबाबदारी पत्करली पाहिजे. वामन गणेश देसाई यांच्या 'औषधिसंग्रहा'सारखे ग्रंथ वैद्यकाच्या गांभीर्याने लिहिले गेले, पण त्यांच्या वाचकाने त्यांतून एवढेच घेतले, की जे कडू लागते ते रक्त शुद्ध करते आणि जे बुळबुळीत लागते ते पोट साफ करते. आणि आमचे डॉक्टर, जे दवाखान्यात रुग्णाला तीन तीन तपासण्यांशिवाय गोळी देत नाहीत, ते रानात आले की कोणत्याही पानाला एका दृष्टिक्षेपात अर्धा डझन रोगांवर नियुक्त करतात. मावशींना हाच प्रश्न विचारला तेव्हा त्यांनी जरा विचार केला. घोळ कशावर चालते? "भाकरीवर," त्या म्हणाल्या.

पाला खाण्याच्या बाबतीत वर्धा जिल्ह्याने देशाला मार्गदर्शन करावे, असा एक काळ होऊन गेला आहे. डिसेंबर १९३४ मध्ये अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला, त्याचे बिऱ्हाड जमनालाल बजाजांनी दिलेल्या वर्ध्याच्या जागेत, म्हणजे मगनवाडीत, थाटले गेले, कुमारप्पा चिटणीस झाले, आणि गांधीजींनी हातसडीचा तांदूळ, घाण्याचे तेल, गूळ यांबरोबर हिरव्या पाल्याचाही प्रश्न हाती घेतला. कच्च्या हिरव्या पानांचे प्रयोग त्यांनी स्वतःवर केले आणि १९३५ साली 'हरिजन'मध्ये त्यांवर लिहिले. गरिबाला भाजी परवडत नाही, पण कच्चा पाला थोडकाही पुरतो, शिजवण्याचे सरपण वाचते, हा त्यांचा हिशेब चोख होता. त्या पंगतीत कडुनिंबाच्या पाल्याची चटणी असे. देशोदेशीचे पाहुणे स्वराज्याविषयी प्रश्न विचारायला येत, आणि ती चटणी जिभेवर असेपर्यंत त्यांना एकही प्रश्न सुचत नसावा, असा माझा तर्क आहे. गांधीजींच्या या प्रयोगांबद्दल मला नितांत आदर आहे. पण तरोटा त्यांनी कच्चा खाल्ला असता, तर मगनवाडीतून ते सेगावला गेले त्याच्या आधीच गेले असते.

याहून जुना दाखला तर प्रत्यक्ष बाबा फरीद यांचाच आहे. गिरडचे ख्वाजा आणि पंजाबातील पाकपट्टणचे बाबा फरीद हे एकच, अशी भाविकांची श्रद्धा. आणि त्या पाकपट्टणच्या, तेव्हाच्या अजोधनच्या, आश्रमातील भोजनव्यवस्थेचे वर्णन सूफी परंपरेत मोठे मनोरम आहे. एका शिष्याने सरपण आणायचे, एकाने पाणी भरायचे, जमालुद्दीन हांसवी यांनी रानात जाऊन करीराची, म्हणजे आपल्याकडच्या नेपतीसारख्या काटेरी झुडपाची, फळे वेचून आणायची, आणि निजामुद्दीन यांनी, जे पुढे दिल्लीचे औलिया झाले, ती उकडून सर्वांपुढे ठेवायची. एके दिवशी घरात मीठ नव्हते; निजामुद्दीनांनी वाण्याकडून थोडे उधार आणले. बाबांनी घासाला हात घातला, तो हात जड झाला. या अन्नात काही तरी परके आहे, असे त्यांनी ओळखले, आणि दरवेशाने उपासाने मरावे पण उधारी करू नये असे सांगून ते जेवण उचलायला लावले. रानातून फुकट आणलेल्या फळांवर सहज जगणारा तो आश्रम चिमूटभर मिठाच्या खात्यावर अडला. विदर्भातील शेतकऱ्याला ही कथा वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

टेकडीच्या मागील उतारावर काटवलाचे वेल होते. काटवल म्हणजे पश्चिमेकडचे लोक ज्याला करटोली म्हणतात ते, अंगावर मऊ काटे असलेले, हिरवे, लहान अंड्याएवढे फळ. बाजारात त्याचा भाव ऐकून मनुष्य प्रथम सामिष आहाराचा विचार करतो. एका बाभळीवर चढलेल्या, पिवळ्या फुलांनी लगडलेल्या वेलाजवळ प्राध्यापक थांबले आणि पुढच्या रविवारी येथेच यायचे, असा त्यांनी ठराव मांडला. मावशी तोंडाला पदर लावून हसल्या. त्या वेलात नर आणि मादी वेगवेगळे असतात. नरवेल फुलतो भरपूर, चढतो उंच, आणि फळाच्या नावाने शून्य. मादीच्या फुलाखाली तेवढी एक इवलीशी काटेरी गाठ असते, तीच पुढे काटवल होते. प्राध्यापकांना हे ठाऊक नव्हते असे नाही. त्यांनी ते तीस वर्षे फळ्यावर शिकवले होते. पण फळ्यावरच्या वेलाखाली वाकून फूल उलटे करून पाहावे लागत नाही. मावशी म्हणाल्या, "हा गडी वेल हाय जी. दिसाले लय बेस. कामाचा नाई." पुरुषमंडळींत क्षणभर शांतता पसरली.

केन्याचे निळे फूल सकाळी उमलते आणि दुपारपर्यंत मान टाकते. पानांची भजी चविष्ट होतात. या साध्या दिसणाऱ्या तणाचे एक गुपित मात्र प्राध्यापकांनीच सांगितले, आणि माझ्या खात्याच्या दृष्टीने ते अत्यंत बोधप्रद होते. वर निळी फुले उघडपणे मिरवत असताना हे झाड जमिनीच्या आत दुसरी, कधीच न उमलणारी फुले धरते आणि तेथेच, कोणत्याही भुंग्याला न कळवता, बी तयार करते. वरचे सगळे छाटले तरी पुढच्या साली ते पुन्हा हजर. उघड उत्पन्न वेगळे आणि पुरलेले वेगळे, ही पद्धत वनस्पतिसृष्टीतही चालते हे मला नवीन होते.

वाटेत बिब्याचे झाड आले, तेव्हा सगळे दोन पावले मागे सरकले. बिबा हे फळ नसून जोडखाते आहे: वरचा नारिंगी गर उन्हात वाळवून खातात, त्याखालचे काळे बी कातडीला लागले तर उतते आणि फोड येतात, त्याच काळ्या तेलाने धोबी कपड्यांवर न पुसली जाणारी खूण करतो, आणि ते बी युक्तीने फोडले तर आत गोडंबी निघते, जी बाळंतिणीच्या लाडवांत पडते. कोणी, केव्हा, किती हात सुजवून घेऊन ही गोडंबी प्रथम बाहेर काढली असेल, या पूर्वजापुढे मला नतमस्तक व्हावेसे वाटते.

टेकोड्यांच्या, म्हणजे अळंब्यांच्या, बाबतीत मात्र मावशींनी शिकवणी बंद ठेवली. पोळ्याच्या सुमारास, ढग गडगडून गेले की वारुळांच्या आसपास पांढऱ्या छत्र्या उगवतात. त्यांची एक जात उधईच आपल्या वारुळात जोपासत असते. कोणत्या वारुळाशी त्या येतात हे ज्याला ठाऊक, तो आपल्या जावयालाही सांगत नाही. अभियंत्याला एका कुजक्या ओंडक्यापाशी काही छत्र्या दिसल्या. त्याने मोबाइल पुढे केला, यंत्राने काही क्षण चिंतन केले, आणि ही खाण्याजोगी जात असल्याची नव्वद टक्के खात्री दिली. मावशींना त्याने तो आकडा मोठ्या विश्वासाने वाचून दाखवला.

"अन् बाकीचे दहा टक्के?" मावशींनी विचारले.

"ते चुकू शकतं, मावशी."

"तेवढ्यातच मरते ना मानूस," त्या म्हणाल्या, आणि पायाने ती छत्री उलथवून पुढे चालू लागल्या.

उतरताना आम्ही दगडी पायऱ्यांवर बसलो. खाली सोयाबीनची वावरे एकसारखी, काळ्या मातीत रेघा ओढून ठेवलेली दिसत होती. दोन तासांच्या मध्ये एकही हिरवे पान नव्हते. डॉक्टर म्हणाले, काय स्वच्छ शेती आहे! मावशी म्हणाल्या, तणनाशक मारलं आहे. पूर्वी निंदणाला गेलेली बाई मजुरी घेऊन परते, आणि ओटीत कुंजरू, घोळ, काटेमाठ घेऊन परते. ती दुसरी मजुरी कोणी लिहीत नसे. आता फवारणीचा एक माणूस पाठीवर पंप घेऊन एका दिवसात जे काम उरकतो, त्यात बाया लागत नाहीत आणि भाजीही उरत नाही. जी उरते ती धुऱ्यावर, नाल्याच्या काठी, ई-क्लासच्या, म्हणजे सरकारी, पडीत. मावशींनी हे तक्रारीच्या सुरात सांगितले नाही. निंदणाने कंबर मोडते, आणि पंप आला हे एका परीने बरेच झाले, असेही त्या म्हणाल्या. "तवा आषाढात कोठीत दाना नसे, म्हून तरोटा खात होतो जी. आवडीनं कोन खाते?" मग किंचित थांबून त्यांनी दुरुस्ती केली: "तसा मले आवडते."

त्या भाजीची कृती, कोणी विचारली म्हणून नव्हे तर चुकीची केली जाऊ नये म्हणून, त्यांनी सर्वांना ऐकवली. शेंडे निवडून, धुऊन, बारीक चिरायचे. चांगले उकडून पाणी पिळून टाकायचे, नाही तर कडवटपणा राहतो. तेलात लसूण आणि लाल मिरची तडतडली की कांदा, भिजवलेली हरभऱ्याची डाळ, मग भाजी. मीठ शेवटी, कारण ढीगभर पाल्याची वाटीभर भाजी होते आणि अंदाज फसतो. सोबत ज्वारीची भाकर. डॉक्टरांनी पिळून टाकलेल्या पाण्यातील जीवनसत्त्वांविषयी शोक व्यक्त केला. ते पाणी तुम्ही प्या, असे मावशींनी त्यांना सुचवले.

दर वर्षी ९ ऑगस्टला, जागतिक आदिवासी दिनाच्या निमित्ताने, कृषी विभाग ठिकठिकाणी रानभाजी महोत्सव भरवतो. मांडव असतो, उद्घाटन असते, भाज्या ताटांत मांडून त्यांपुढे चिठ्ठ्या लावलेल्या असतात, आणि प्रत्येक चिठ्ठीवर 'औषधी गुणधर्म' हे शीर्षक पाककृतीच्या वर असते. अशा एका महोत्सवात मावशींनी पाटीभर भाजी नेली होती. एका बाईंनी ती सेंद्रिय आहे का, म्हणून विचारले. मावशींनी रस्त्याकडेची नाही, नाल्याकाठची आहे, असे खरे ते सांगितले. बाईंनी जुडी घेतली, शेजारच्या दोघींनी घेतली, आणि दुपारपर्यंत पाटी रिकामी झाली. ज्या भाजीमुळे एके काळी सोयरिकीच्या पाहुण्यांसमोर चूल झाकून ठेवावी लागे, तिचे रोख पैसे झाले. मावशींनी ते कमरेच्या बटव्यात ठेवले आणि त्या गावी परतल्या.

वार्ता मात्र त्यांच्याआधी गावात पोहोचली होती. पुढल्या वर्षी आषाढ लागताच त्या नेहमीप्रमाणे ई-क्लासच्या पट्ट्यात खुडायला गेल्या, तेव्हा त्या पट्ट्याला लागून ज्याचे वावर आहे, आणि जो दर वर्षी नांगराचे एक तास पुढे सरकवीत आलेला आहे, त्या शेतकऱ्याने बांधावरून हटकले: आमच्या बाजूचा तरोटा आमचा. तरोट्याच्या इतिहासातील हा पहिला तंटा असावा. मावशी थेट माझ्याकडे आल्या. दप्तरातला माणूस म्हणून अर्ज लिहून देण्याची त्यांनी मला आज्ञा केली, आणि मी नोकरीत लिहिला नसेल इतक्या काळजीने तो लिहिला: गावच्या निस्तारातील जमिनीवरील आपोआप उगवणारी, कोणीही न पेरलेली, 'तरोटा' या नावाची पालेभाजी खुडण्याची अर्जदार हिची पिढीजात वहिवाट असून, गैरअर्जदार यांनी हरकत घेतल्यामुळे, सदर हरकत दूर होऊन मिळावी, इत्यादी. मावशींनी तो दोनदा वाचून घेतला, अंगठा उठवला, आणि बजावले, "आजच द्या जी. आठ रोजात ते जून होते."

अर्ज त्याच दिवशी दाखल केला, आवक क्रमांक पडला, पोच मिळाली. संबंधित कार्यालयाने प्रकरण स्थानिक चौकशीसाठी पाठवले, तेथून अभिप्रायासाठी दुसऱ्या कार्यालयाकडे गेले, आणि आश्विनात, तरोट्याला वीतभर वाकड्या शेंगा लोंबत असताना, मावशींच्या नावे पत्र आले, की सदर पालेभाजीचा ताजा व कोवळा नमुना सात दिवसांचे आत या कार्यालयात समक्ष सादर करावा.